तख्त, तकिया आणि तांबोळ्याची गल्ली

१९९७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अहमदनगरला भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ना. सं. इनामदार. 'राऊ' आणि 'झेप'चे लेखक म्हणून घरोघरी ठाऊक असलेले, पण त्यांच्या नावावर 'शहेनशहा'ही आहे, म्हणजे औरंगजेबावरची कादंबरी. नगरमधून भिंगारच्या बाजूला गेलं की आलमगीर नावाचं ठिकाण लागतं. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब नगरच्या मुक्कामी मेला, त्याची ही खूण. देह पुढे खुलताबादला नेला. ज्याचं नाव मराठी तोंडात शिवीसारखं येतं, त्याच्या म्हातारपणात, संशयात आणि एकटेपणात एक हिंदू घरात जन्मलेला लेखक शिरतो, वाचक ती कादंबरी विकत घेऊन वाचतात, आणि त्याच लेखकाला बादशहा मेला त्या गावात संमेलनाच्या अध्यक्षपदी बसवतात. आज हे होईल का, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला थोडं थांबावं लागेल.

हिंदू घरात जन्मलेल्या लेखकाच्या हातून मुसलमान कसा उतरतो, हा प्रश्न मराठीत बहुधा भांडणासाठीच विचारला जातो. एक बाजू 'खलनायक करून ठेवलाय' म्हणते, दुसरी 'लाडावून ठेवलाय' म्हणते. पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलं तर मात्र वेगळंच चित्र दिसतं. मराठी लेखकाला मुसलमान दोन ठिकाणी नेमका सापडला, तख्तावर आणि तकियात. बादशहा, सरदार, खान एकीकडे. पीर, फकीर, अवलिया दुसरीकडे. मधल्या गल्लीत अत्तार, तांबोळी, बागवान, मुलाणी, पिंजारी पिढ्यान् पिढ्या दुकान मांडून बसले आहेत. तिथे लेखकाची पावलं फार थोड्या वेळा वळली.

नगर जिल्हा या तिन्ही ठिकाणांचा नमुना आहे. शहर वसवलं मलिक अहमद निजामशहानं, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे त्याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या बहिरव कुलकर्ण्याचा मुलगा, मूळचा तिमाभट. लढाईत हाती लागला आणि बहामनी दरबारात वाढला. म्हणजे 'जन्माने हिंदू' या शब्दांनी सुरू होणारी कुठलीही चर्चा नगरच्या वेशीवर आली की अडखळतेच. शिर्डीच्या साईबाबांचा जन्मही पाथरीचाच असं मानणारा एक पक्ष आहे, हा आणखी एक योगायोग.

आधी तख्त. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेला कवींद्र परमानंद नेवाशाचा. त्याचं 'शिवभारत' संस्कृतात आहे, पण मराठी इतिहासलेखनाच्या मुळाशी ते आहे म्हणून त्याला वगळता येत नाही. पुराणाच्या थाटात तो म्लेच्छांच्या भारानं पृथ्वी गांजल्याची कथा मांडतो, अफझलखानाला असुरांच्या पंक्तीला बसवतो. एवढंच वाचून पुस्तक मिटलं तर निकाल सोपा आहे. पण त्याच काव्यात १६२४ ची भातवडीची लढाई आहे. भातवडी म्हणजे आजचं भातोडी, नगरपासून जवळच. तिथे निजामशाहीच्या बाजूनं मलिक अंबर आणि शहाजीराजे खांद्याला खांदा लावून लढले, शहाजींचे भाऊ शरीफजी पडले. हबशी मलिक अंबर इथे पराक्रमी सेनानी म्हणून येतो. त्याला असुराचं सोंग कवी चढवत नाही. कवीची विभागणी धर्मावर जितकी आहे तितकीच बाजूवर आहे. आपल्या राजाच्या बापाबरोबर लढला तो वीर, विरुद्ध आला तो दैत्य. आणि शरीफजी हे नावच पाहा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे.

कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला बसून १६९७ मध्ये बखर लिहिली. मोगल फौजा आजूबाजूला असताना लिहिणारा हा माणूस मशिदी आणि पिरांच्या दिवाबत्तीला महाराजांनी उत्पन्नं चालवली, ही नोंद टाळत नाही. बखरकाराला तो कारभाराचा भाग वाटतो, त्यात कौतुकाचा किंवा अवघडलेपणाचा सूर नाही. हा सूर पुढे हरवला.

इंग्रजी राज्यात कादंबरी आली, तिच्याबरोबर राष्ट्र नावाची कल्पना आली, आणि खानाच्या मिशा जास्तच पिळदार झाल्या. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत यवन सत्ता हा अंधार आहे, मावळात उगवणारी पहाट हे कथानक. तरीही आपटे कसलेले कादंबरीकार होते. 'वज्राघात' घ्या. विषय तालिकोटच्या लढाईचा, १५६५ चा, म्हणजे ज्या लढाईत नगरच्या हुसेन निजामशहानं विजयनगरच्या रामराजाचं मस्तक उडवलं तिचा. त्यावर सरळ धर्मयुद्धाची कादंबरी बेतता आली असती. आपट्यांनी केंद्रस्थानी ठेवली ती रामराजा आणि मेहेरजान यांची प्रेमकथा, आणि त्या प्रेमाची रामराजानं केलेली फसवणूक. वज्र बाहेरून कोसळत नाही, ते रामराजानंच पूर्वी पेरून ठेवलेलं असतं. नंतरच्या किती ऐतिहासिक कादंबऱ्यांना हे जमलं?

फार थोड्यांना. रणजित देसाई, शिवाजी सावंत यांच्या कादंबऱ्यांची लोकप्रियता निर्विवाद, पण त्यांतल्या मोगल, आदिलशाही माणसांचं बोलणं ऐकावं. नायकाची भाषा घडवताना लेखकानं रात्री जागवलेल्या असतात. शत्रूच्या तोंडी 'या अल्ला', 'काफर' आणि 'गुस्ताखी' घातली की काम भागतं. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये, १९८८ साली, इब्राहिमखान गारदी ठसठशीत उभा राहिला, कारण त्याच्या हाताला धंदा होता. तोफखाना आणि कवायती पायदळ यांचा तो जाणकार होता, आणि अखेरपर्यंत भाऊसाहेबांशी इमानी राहून अब्दालीच्या छावणीत मारला गेला. तरीही तो वाचकाला आवडतो तो मुख्यतः 'आपल्या बाजूचा मुसलमान' म्हणून. निष्ठेचा दाखला दिल्याशिवाय पात्राला आत घ्यायचं नाही, ही अट भातवडीपासून पानिपतापर्यंत तशीच आहे. इनामदारांचा 'शहेनशहा' वेगळा ठरतो तो इथे. त्यातला औरंगजेब मराठ्यांच्या बाजूचा नाही, व्हायचीही त्याला गरज नाही. सावंतांच्या 'छावा'वरून निघालेला चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. त्या महिन्यात कुणी 'शहेनशहा' कपाटातून काढून वाचली असेल तर त्याचं कौतुक.

तख्तावरच्या बायकांचं काय? चांदबिबी घोड्यावर बसून नगरच्या किल्ल्याची भिंत राखते, मस्तानी पान खाते. एक वीरांगना, दुसरी लावण्य. दोघींच्या तोंडी साधं वाक्य क्वचितच येतं. मुसलमान बाई बाई म्हणून मराठी कवितेत भेटायला अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'पर्यंत, म्हणजे एकविसाव्या शतकापर्यंत, थांबावं लागलं. तिथे रबिया आहे, लैला आहे, आणि आजच्या काळातली, घरच्यांच्या हिंसेची बळी ठरलेली मैमूनही आहे.

आता तकिया. इथे मराठी लेखकाचा हात खरोखर मोकळा झाला, आणि त्यातला मोठा वाटा नगर-पैठणच्या पट्ट्याचा आहे. एकनाथ निजामशाही मुलखात राहिले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. गुरूंचे गुरू चांद बोधले, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही त्याच चांद बोधल्यांचे शिष्य, अशी परंपरा. एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की दोघंही कडाडून भांडतात. तुर्काला मूर्तीची चेष्टा करायची पूर्ण मुभा आहे, हिंदूला अल्ला सगळीकडे असताना पश्चिमेकडेच तोंड का, हे विचारायची. शेवटी मिठी पडते, पण ती भांडण संपल्यावर. सलोख्याच्या नावाखाली पुढे जे लिहिलं गेलं त्यात आधी मिठी आणि भांडण रद्द, असा क्रम लागला; म्हणून ते बेचव झालं.

ताहराबादचे महिपती राहुरी तालुक्यातले, गावचे कुलकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणं घेऊन आला, तेव्हा काम उरकून आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवली आणि ती पुन्हा दरबारासाठी न उचलण्याची शपथ घेतली, ही त्यांच्याविषयीची प्रसिद्ध कथा. त्याच लेखणीनं १७६२ मध्ये 'भक्तविजय' लिहिला. त्यातल्या दामाजीपंतांच्या आख्यानात बेदरचा पातशहा आहे. धान्याची कोठारं लुटवल्याबद्दल तो दामाजींवर चिडतो, पण विठू महाराच्या रूपात रोकड घेऊन आलेला देव पहिल्यांदा दिसतो तो त्यालाच. दामाजी वाटेवर बेड्यांत, आणि बादशहाला साक्षात दर्शन! पुढे त्या रूपाच्या ओढीनं पातशहा तळमळतो. महिपतींनी राजाला राक्षस केलं नाही, संतही केलं नाही. त्याला चटका लावला. संतचरित्राच्या साच्यात ही बारीक नजर आहे, तिला दाद द्यायला हवी. शेख महंमदांना मात्र साच्यातच राहावं लागलं. 'योगसंग्राम'सारखा ग्रंथ रचणारा, मुसलमान जन्माचा उल्लेख स्वतःच उघडपणे करणारा हा कवी लोकस्मृतीत उरला तो देहूच्या मंडपाला लागलेली आग श्रीगोंद्यात बसून हातानं चुरगाळणारा बाबा म्हणून.

या सगळ्याचा कळस शिर्डीत आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर, तेव्हा मॅजिस्ट्रेट, १९१० साली साईबाबांना भेटले. बाबांनी त्यांना 'हेमाडपंत' म्हटलं आणि त्यांनी बावन्न अध्यायांचा 'श्रीसाईसच्चरित' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. पारायणाची पोथी म्हणून तो लाल कापडात बांधला गेला, त्यामुळे साहित्य म्हणून त्याकडे कुणी पाहत नाही. पाहावं. तिसऱ्या अध्यायात एक धिप्पाड रोहिला मशिदीत रात्रंदिवस कलमे पढत ओरडतो. दिवसभर राबून आलेले गावकरी झोप मिळेना म्हणून तक्रार घेऊन जातात. बाबा रोहिल्याची बाजू घेतात, आणि त्याची बायको मोठी द्वाड आहे, हा ओरडायचा थांबला की ती शिरते, असं सांगून गावकऱ्यांनाच गप्प करतात. रोहिल्याला बायकोच नसते. बाबांचा रोख मनात शिरणाऱ्या दुर्बुद्धीवर असतो. गमतीदार, चावरा प्रसंग आहे.

तेविसाव्या अध्यायातला बकऱ्याचा प्रसंग तर एखाद्या एकांकिकेसारखा. मशिदीत मरायला टेकलेलं बकरं आलं आहे. मालेगावचे फकीर बडे बाबा शेजारी आहेत. साईबाबा त्यांना बकरं कापायला सांगतात. बडे बाबा साफ नकार देतात, उगाच कशाला मारायचं म्हणतात. मग माधवराव देशपांडे म्हणजे शामा सुरी आणायला उठतात. शेवटी काकासाहेब दीक्षित, मुंबईचे सॉलिसिटर, सोवळ्या ब्राह्मण घरातले, ते सुरी हातात घेऊन उभे राहतात. गुरूची आज्ञा हाच आमचा विचार, असा त्यांचा पवित्रा. बाबा त्यांना थांबवतात. बकरं वाटेतच मरतं. आता यातला मुसलमान कोण आणि हिंदू कोण? सुरीला नाही म्हणतो तो फकीर, सुरी उगारतो तो ब्राह्मण, आणि हे सगळं लिहितो सारस्वत घरातला निवृत्त मॅजिस्ट्रेट, कसलाही संकोच न करता. कल्याणच्या हाजी सिद्दीक फाळक्यांना नऊ महिने मशिदीची पायरी चढू न देणं, बकऱ्याच्या मांसाचा कुठला भाग हवा म्हणून त्यांना विचारणं, मग संतापून अंगावर जाणं आणि लगेच आंब्यांची पाटी विकत घेऊन त्यांच्याकडे पाठवणं, हेही दाभोळकर तसंच्या तसं मांडतात.

त्यांची मर्यादाही उघड आहे. प्रसंग मशिदीत घडतो, अर्थ वेदान्तात निघतो. बाबांच्या जवळचे अब्दुल, बडे बाबा, कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर ही माणसं प्रसंगापुरती येतात, त्यांच्या मनात काय चाललं होतं ते ग्रंथ विचारत नाही. बाबांचे कान टोचलेले होते की सुंता झाली होती, ही चर्चा मात्र सातव्या अध्यायात तपशिलानं आहे. मूळचे अकोळनेरचे दासगणू महाराज तर बाबांना सेलूच्या वेंकुशांच्या परंपरेत नेऊन बसवतात. फकीर मोठा होत गेला तसतसा तो आपला होत गेला.

तख्त आणि तकिया यांच्यामध्ये प्रचारकांचीही एक ओटी आहे, तिथून लवकर पुढे सरकलेलं बरं. जोतीराव फुले १८४८ मध्ये नगरच्या मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून गेले. पुढे त्यांनी महंमदांवर 'मानव महंमद' ही रचना केली. त्यात पैगंबरांचा गौरव आहे, पण रोख भटशाहीवर आहे. सावरकरांच्या मोपल्यांच्या बंडावरच्या कादंबरीत मुसलमान हा जमाव आहे. साने गुरुजींच्या 'इस्लामी संस्कृती'त तो सद्गुणांचा पुतळा आहे. एकानं भीती लिहिली, दुसऱ्यानं प्रेम. उधारी चुकवणारा, पोराच्या लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस दोघांकडेही नाही. नरहर कुरुंदकरांचा 'जागर' यातला सर्वांत विचारी, पण तो निबंध आहे.

मग गल्लीत कोण गेलं? व्यंकटेश माडगूळकर गेले, तेही मुद्दाम न जाता. १९४९ च्या 'माणदेशी माणसं'ची अनुक्रमणिका पाहिली तरी पुरे. धर्मा रामोशी, झेल्या, शिवा माळी, गणा महार यांच्या रांगेत 'मुलाण्याचा बकस' आहे आणि 'तांबोळ्याची खाला' आहे. गावगाड्यात मुलाणी बकरं हलाल करतो, तांबोळी पान विकतो. त्यांची ओळख त्यांच्या कामानं होते, रामोशाची आणि माळ्याची होते तशीच. 'बनगरवाडी'तला आयबूही मास्तरांच्या सोबतीला शाळेत पथारी टाकतो आणि वाचकाला त्यात काही वेगळं वाटत नाही. माडगूळकरांनी ऐक्य बिक्य सिद्ध करायला ही माणसं आणली नाहीत, ती गावात होती म्हणून पुस्तकात आली.

तेंडुलकरांनी त्या गल्लीचं दार धाडकन उघडलं. 'सखाराम बाइंडर' १९७२ चं. घरात गणपतीची आरती चालली आहे, सखारामचा दोस्त दाऊद त्यात सूर मिळवतो, आणि लक्ष्मी अडते. मुसलमानानं आरती म्हणायची नाही. सखाराम तिला पट्ट्यानं बडवतो. या प्रसंगाला सलोख्याचं दृश्य म्हणणारा प्रेक्षक नाटक समजलेलाच नसतो. दाऊदची बाजू घेणारा माणूस बाईला मारतो आहे, ज्या बाईवर सगळा अन्याय होतो तिच्याच तोंडी द्वेषाचं वाक्य आहे, आणि हाच दाऊद पुढे दोस्ताच्या पाठीमागे चंपाशी संबंध ठेवतो. मराठी रंगभूमीवर एका मुसलमान पात्राला साधं, माणसासारखं, चुकायची सवलत मिळाली. निष्ठेचा दाखला न मागता.

नारायण सुर्व्यांचा 'शीगवाला' हा दाऊदचाचा तेंडुलकरांच्या दाऊदच्याच शेजारचा, मुंबईच्या बोलीत आपली गोष्ट सांगणारा, दंग्यात पाय गमावलेला. पण सुर्व्यांना या आढाव्यात बसवावं कसं? गिरणीच्या वस्तीत सापडलेलं ते मूल. जन्मानं कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रश्नाच्या पहिल्याच शब्दाला त्यांच्यापाशी उत्तर नाही, आणि कविता मात्र मराठीतल्या सर्वांत जिवंत मुसलमान माणसाची.

जन्मानं मुसलमान असलेल्या लेखकानं हेच लिहिलं की फरक कुठे पडतो, हे हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये कळतं. १९६५ ची ही कादंबरी कोकणातल्या एका गावातल्या दंग्याची. तिच्यातले मुसलमान शेतजमिनीवरून भांडतात, मनात सल धरतात, चोरटी प्रेमं करतात. 'आम्ही असे नाही' म्हणून समाजातले लोक दलवाईंवर चिडले. हिंदू लेखकावर बहुधा असं कुणी चिडत नाही, कारण त्यानं चिडण्याइतकं आतलं काही लिहिलेलंच नसतं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे आपलं आतलं जगणं मराठीत येत नाही ही तक्रार होती.

अडचण द्वेषाची कमी आणि कानाची जास्त आहे. नगरच्या कापड बाजारात किंवा झेंडीगेटला सकाळी तासभर उभं राहिलं तरी कळेल. गिऱ्हाइकाला 'ताई, कितीचं देऊ?' असं अस्सल नगरी मराठीत विचारणारा बागवान मागे वळून पोराला 'वो पाटी इदर ला' म्हणतो, आणि फोनवर मामूशी तिसऱ्याच सुरात बोलतो. एका मिनिटात तीन भाषा. कादंबरीत हाच माणूस आला की एकतर पुण्याची शुद्ध मराठी बोलतो नाहीतर सिनेमातली हिंदी. ज्याचं बोलणं ऐकलं नाही त्याचं मन कुठून लिहिणार? कामाची हत्यारं, देण्याघेण्याचे शब्द, मोहरमच्या कत्तलच्या रात्री कोण कुठली सवारी उचलतो, हे ठाऊक नसलं की लेखक पुन्हा तख्ताकडे किंवा तकियाकडे धावतो. तिथे माहिती आयती मिळते.

रंगनाथ पठारे संगमनेरचे. त्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनानं काढली. यादवांच्या पडत्या काळापासून आजपर्यंत एका मराठा कुळाची सातशे वर्षं. कुळाच्या शुद्धतेचा टेंभा मिरवायला ती लिहिलेली नाही, उलट मिसळण्याचा इतिहास म्हणून लिहिली आहे. नगर जिल्ह्यातल्या लेखकाला हे सुचणं स्वाभाविक वाटतं. अशीच सातशे वर्षं नाही, तरी निदान सत्तर वर्षं नगरच्या एखाद्या तांबोळी घराण्याची कुणीतरी लिहावी. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं; पानाच्या ठेल्यांच्या पाट्या कधी बदलल्या, कुणी बदलल्या, तेही त्यात येऊ द्यावं.

शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत उभी आहे. सहलीला येणाऱ्या शाळांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे.